किनाऱ्यावर नजर ठेवणारे सॉफ्टवेअर जुने होते तेव्हा

१८ ऑगस्ट २०२२ रोजी, दहीहंडीच्या आदल्या दिवशी, रायगड जिल्ह्यातील हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक बेवारस नौका लागली आणि तिच्यात तीन एके-४७ रायफली व काडतुसे सापडली. मुंबईपर्यंत नाकाबंदी झाली. पुढे कळले की ‘लेडी हान’ नावाची ही नौका एका ऑस्ट्रेलियन महिलेच्या मालकीची होती, जून महिन्यात इंजिन बंद पडल्यामुळे मस्कतजवळ तिच्यावरील माणसांना उतरवून घेण्यात आले होते, आणि त्यानंतर ती खवळलेल्या पावसाळी समुद्रात वाहत वाहत इकडे आली होती. घातपाताचा धागा मिळालेला नाही, असे राज्य सरकारने विधिमंडळात सांगितले. तरीही किनाऱ्यावर एवढी रडारे बसवलेली असताना असे कसे होऊ शकते, हा प्रश्न कोकणात अनेकांनी विचारला, आणि तो रास्तच होता.

या प्रश्नाचे उत्तर रडारपाशी सुरू होते, पण तेथे संपत नाही. रडारला काहीतरी दिसणे, ते नेमके काय आहे हे कळणे, आणि त्याबद्दल काय करायचे हे ठरून योग्य माणसापर्यंत आदेश पोहोचणे या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. त्यांना एकत्र बांधणारे जे सॉफ्टवेअर असते, त्याला लष्करी परिभाषेत ‘कमांड अँड कंट्रोल’ म्हणजे आज्ञा व नियंत्रण प्रणाली म्हणतात. जगातील बहुतेक सैन्यदलांपुढे आज एकच पेच आहे. हे सॉफ्टवेअर जुने झाले आहे, ते घरच्या घरी नव्याने लिहिण्याइतकी माणसे दलाकडे नाहीत, म्हणून ते बाहेरच्या कंपनीला द्यावे लागते, आणि अशी कंत्राटे वर्षानुवर्षे रखडतात किंवा मध्येच गुंडाळावी लागतात. माझे मत आधीच सांगून टाकतो: कोड बाहेरून लिहून घेता येतो, परंतु जुनी प्रणाली काय करते आणि का करते हे समजणारी माणसे दलाच्या आत नसतील, तर कितीही मोठी कंपनी नेमली तरी काम नीट होत नाही.

पडद्यावरचा एक ठिपका

आपल्या किनाऱ्यावरची व्यवस्था ज्या घटनांमुळे उभी राहिली त्या वाचकांना ठाऊकच आहेत. १९९३ मध्ये शेखाडी आणि दिघी येथे स्फोटके उतरवण्यात आली, आणि २००८ च्या नोव्हेंबरमध्ये ‘कुबेर’ या बळकावलेल्या मासेमारी नौकेतून मुंबईजवळ आलेले दहा दहशतवादी रबरी होडीने दक्षिण मुंबईत उतरले. त्यानंतर २००९ मध्ये केंद्र सरकारने सागरी सुरक्षेची एकंदर जबाबदारी नौदलाकडे दिली. पहिल्या टप्प्यात देशभर ४६ किनारी रडारे बसवण्यात आली, त्यांपैकी ३६ मुख्य भूमीवर आणि बाकीची लक्षद्वीप व अंदमान-निकोबार बेटांवर. दीपगृह खात्याने आपल्या ७४ दीपगृहांवर जहाजांचे संदेश टिपणारी यंत्रे बसवली. नौदल व तटरक्षक दलाची ५१ ठाणी जोडणारे एक जाळे तयार झाले, आणि या जाळ्याच्या गुरुग्राम येथील केंद्राचे उद्घाटन २३ नोव्हेंबर २०१४ रोजी तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांच्या हस्ते झाले. उभारणीचे काम भारत इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेड या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीकडे होते.

आता जयगडच्या समुद्रात एखादी नौका चालली आहे असे धरू. शंभर मीटर उंचीच्या सड्यावर बसवलेल्या रडारचे क्षितिज सुमारे ४० किलोमीटरवर असते, त्यामुळे मोठे जहाज त्याला बरेच लांबून दिसते. लाकडी किंवा फायबरची छोटी होडी मात्र फारच क्षीण प्रतिध्वनी देते, आणि पावसाळ्यात लाटांचे स्वतःचेच प्रतिध्वनी इतके येतात की होडी आणि लाट यांत भेद करणे कठीण होते. रडारकडून मिळतात ते केवळ ठिपके. अँटेनाच्या एका फेरीतला ठिपका आणि पुढच्या फेरीतला ठिपका एकाच वस्तूचे आहेत, हे सॉफ्टवेअरला अंदाजाने ठरवावे लागते, आणि असे ठिपके जुळून जी रेघ तयार होते तिला या क्षेत्रातले लोक ‘ट्रॅक’ म्हणतात.

दुसरीकडे एआयएस नावाच्या यंत्रणेमार्फत जहाज स्वतःच रेडिओवरून आपली ओळख, जागा, वेग आणि दिशा सांगत असते. आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या ३०० टनांवरील जहाजांना हे यंत्र बंधनकारक आहे. त्यात जहाजाचा नऊ अंकी क्रमांक असतो आणि भारतीय जहाजांचा क्रमांक ४१९ या अंकांनी सुरू होतो. रडारने टिपलेली रेघ आणि एआयएसने सांगितलेली जागा एकाच जहाजाची आहे का, हे पुन्हा सॉफ्टवेअरच ठरवते. दोन्ही जुळले तर ट्रॅकला नाव मिळते. रडारवर दिसते पण एआयएस नाही, अशी वस्तू संशयास्पद असू शकते, पण ती हर्णैहून सुटलेली साधी मासेमारी नौकाही असू शकते, कारण बहुतेक लहान नौकांवर हे यंत्र नसतेच. याउलट एआयएस सांगते पण रडारला दिसत नाही, असे झाले तर रडारची मर्यादा असेल किंवा कोणीतरी खोटी जागा कळवत असेल. बंद पडलेल्या इंजिनाची, माणूस नसलेली, वाऱ्याबरोबर संथ सरकणारी नौका या सगळ्या नियमांत सर्वांत अवघड बसते. ती ओळख सांगत नाही, आणि तिचा वेग इतका कमी असतो की लाटांचे प्रतिध्वनी गाळण्यासाठी लिहिलेला नियम तिलाही गाळून टाकू शकतो.

किती वेगाखालची वस्तू गाळायची, किती फेऱ्या ठिपका दिसला नाही म्हणजे ट्रॅक पुसायचा, दोन नोंदींत किती अंतर असले तर त्या एकाच जहाजाच्या मानायच्या, असे शेकडो आकडे या प्रणालीत ठिकठिकाणी लिहिलेले असतात. ते कोणीतरी, कधीतरी, एखाद्या प्रसंगावरून ठरवलेले असतात. आकडा कोडमध्ये सापडतो, पण त्याचे कारण बहुधा कोठेच लिहिलेले नसते. आधुनिकीकरणाची खरी अडचण येथे आहे, आणि निविदेच्या कागदांत ती जवळजवळ कधीच दिसत नाही.

जुने होणे म्हणजे काय

युद्धनौका पंचवीस-तीस वर्षे चालते आणि रडारही बरीच वर्षे टिकते, पण संगणक सहा-सात वर्षांत जुना होतो आणि त्यावरची कार्यप्रणाली बनवणारी कंपनी तिच्यातल्या सुरक्षात्रुटी दुरुस्त करणे थांबवते. तरीही चालते आहे तोवर हात लावू नये, ही वृत्ती या क्षेत्रात फार प्रबळ आहे, आणि ती निव्वळ आळसातून येत नाही. अमेरिकेच्या अण्वस्त्र दलाची संदेशवहन प्रणाली १९७० च्या दशकातील आयबीएम सीरिज-१ संगणकावर आणि आठ इंची फ्लॉपी डिस्कवर चालत असल्याचे २०१६ मध्ये तेथील लेखापरीक्षकांनी जाहीर केले, तेव्हा जगभर हसू झाले. त्या फ्लॉपी २०१९ मध्ये हटवण्यात आल्या. मात्र इंटरनेटशी काहीही संबंध नसलेली ती यंत्रणा घुसखोरांपासून बऱ्यापैकी सुरक्षित होती, हेही खरे. ज्या दिवशी सुटे भाग मिळेनासे होतात आणि ती भाषा जाणणारा शेवटचा माणूस निवृत्त होतो, त्या दिवशी मात्र हा युक्तिवाद संपतो. जोव्हिअल ही १९५९ च्या सुमारास तयार झालेली भाषा किंवा १९८० च्या दशकात अमेरिकी संरक्षण खात्याने पुढे आणलेली एडा ही भाषा आजच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत क्वचितच शिकवली जाते.

यंत्र आणि भाषा यांच्यापेक्षा धोकादायक असतात ती जुन्या प्रणालीत गाडलेली गृहीतके. याचे सर्वांत बोलके उदाहरण आखाती युद्धातले आहे. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातील दहरान येथे इराकचे स्कड क्षेपणास्त्र अमेरिकी सैनिकांच्या बराकीवर पडले आणि २८ सैनिक ठार झाले. त्याला अडवण्यासाठी तैनात असलेल्या पॅट्रिअट यंत्रणेने डागणीच केली नाही. यंत्रणेचे घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागांत वेळ मोजत असे, आणि तो आकडा सेकंदांत आणताना ०.१ ने गुणावा लागे. संगणकाच्या द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ या अंकांत, ०.१ ही संख्या नेमकी लिहिता येत नाही, ती कोठेतरी तोडावी लागते, आणि येथे ती २४ बिटांवर, म्हणजे अशा २४ अंकांवर, तोडली होती. प्रत्येक वेळी होणारी चूक अतिसूक्ष्म होती, पण त्या दिवशी ती यंत्रणा शंभर तासांहून अधिक काळ सलग चालू होती आणि चूक साचून सुमारे ०.३४ सेकंद झाली. स्कड इतक्या वेळात अर्धा किलोमीटरहून अधिक अंतर कापते. त्यामुळे पुढच्या फेरीत क्षेपणास्त्र जेथे असायला हवे तेथे यंत्रणेने पाहिले, तेथे काही नव्हते, आणि तो ठिपका खोटा समजून पुसला गेला.

मूळ रचनाकारांना दोष देणे सोपे आहे. परंतु पॅट्रिअट मुळात विमानांविरुद्ध, वारंवार जागा बदलत, काही तासच चालवायची यंत्रणा म्हणून आखलेली होती, आणि त्या वापरात ही चूक कधी जाणवलीच नसती. वापर बदलला, गृहीतक बदलले नाही. यातला अधिक महत्त्वाचा भाग सहसा सांगितला जात नाही. वेगवान क्षेपणास्त्रांसाठी यंत्रणेत सुधारणा करताना वेळेचे रूपांतर अधिक अचूक करणारा नवा कोड काही ठिकाणी घालण्यात आला होता, पण गरज होती त्या सर्व ठिकाणी नाही. त्यामुळे एका वेळेसाठी जुना हिशेब आणि दुसऱ्या वेळेसाठी नवा हिशेब वापरला गेला. दोन्हीकडे सारखीच चूक असती तर वजाबाकीत ती बरीचशी नाहीशी झाली असती. अर्धवट आधुनिकीकरण हे जुन्याहून वाईट ठरू शकते, याचा इतका स्पष्ट दाखला दुसरा नसेल. दुरुस्त केलेले सॉफ्टवेअर दहरानला पोहोचले ते २६ फेब्रुवारीला.

असाच, पण सुदैवाने जीवघेणा न ठरलेला प्रकार जीपीएसच्या आठवड्यांचा आहे. उपग्रह आठवड्याचा क्रमांक दहा बिटांत पाठवतात, त्यामुळे १०२४ आठवड्यांनंतर तो पुन्हा शून्य होतो. हे ऑगस्ट १९९९ मध्ये घडले आणि ६ एप्रिल २०१९ रोजी पुन्हा घडले. ज्या जुन्या यंत्रांना हे शिकवलेले नव्हते, त्यांची तारीख वीस वर्षे मागे गेली. एका प्रणालीत तारीख चुकली की तिच्याकडून नोंदी घेणाऱ्या पुढच्या प्रणालीला त्या नोंदी शिळ्या वाटतात आणि ती त्या टाकून देते. म्हणून आधुनिकीकरण करणाऱ्याने आपलीच प्रणाली पाहून भागत नाही, तिच्यावर अवलंबून असलेल्या सगळ्या शेजाऱ्यांचा हिशेब ठेवावा लागतो.

बाहेरची कंपनी

लष्करी सॉफ्टवेअर बाहेरून लिहून घेण्याची प्रथा सॉफ्टवेअर या व्यवसायाइतकीच जुनी आहे. १९५८ मध्ये सुरू झालेल्या ‘सेज’ या अमेरिकी हवाई संरक्षण प्रणालीचे संगणक आयबीएमने बांधले, संशोधन एमआयटीच्या प्रयोगशाळेत झाले, आणि कोड लिहिण्यासाठी रँड या संस्थेतून एक वेगळी कंपनीच काढण्यात आली. ती प्रणाली १९८३ पर्यंत चालली. तेव्हा ही कामे जमली, कारण बदलायला जुने असे काही नव्हते आणि तिन्ही संस्थांची माणसे हवाई दलाच्या अधिकाऱ्यांबरोबर एकाच प्रश्नावर बसली होती.

अलीकडच्या काळातले उदाहरण उलटे आहे. अमेरिकी हवाई दलाची हवाई मोहिमा आखणारी केंद्रे ज्या प्रणालीवर चालत, ती वर्षानुवर्षे जोडत गेलेल्या अनेक स्वतंत्र सॉफ्टवेअरची मोट होती. ती एकत्र करून नवी आवृत्ती देण्याचे काम नॉरथ्रॉप ग्रुमन या बड्या कंपनीला मिळाले. अंदाजित खर्च ३७.४ कोटी डॉलरवरून ७४.५ कोटी डॉलरवर गेला, वेळापत्रक काही वर्षांनी पुढे ढकलले गेले, आणि २०१७ च्या जुलैमध्ये हवाई दलाने ते कंत्राट गुंडाळले. आवश्यकतांचा जाडजूड दस्तऐवज आधी पूर्ण करायचा, मग कंपनीने तो वर्षानुवर्षे बांधायचा आणि शेवटी एकदाच तपासून घ्यायचा, ही पद्धत येथे कोलमडली. दस्तऐवज लिहिला तेव्हाची गरज आणि सॉफ्टवेअर हाती येईल तेव्हाची गरज यांत अंतर पडणे अटळ होते.

याच काळात कतारमधील अल उदेद तळावर एक वेगळा प्रयोग झाला. हवेत इंधन भरणाऱ्या विमानांचे रोजचे वेळापत्रक तेथे अधिकारी पांढऱ्या फळ्यावर, तासन्‌तास खपून, हाताने आखत असत. हवाई दलाने स्वतःचे काही तरुण अधिकारी आणि पिव्होटल या कंपनीचे प्रोग्रामर एकत्र बसवले, आणि सुमारे चार महिन्यांत त्या कामापुरते एक छोटे सॉफ्टवेअर तयार करून तळावर वापरात आणले. त्यातून इंधनाची आणि उड्डाणांची मोठी बचत झाली, आणि पुढे ‘केसेल रन’ नावाचा हवाई दलाचा स्वतःचा विभाग उभा राहिला.

ही गोष्ट परिषदांमध्ये जरा जास्तच गोडवे गाऊन सांगितली जाते. इंधनाचे वेळापत्रक चुकले तर विमान परत बोलावता येते, पण लक्ष्य ओळखण्याच्या कामात अशी सवलत नसते. एका छोट्या साधनाचे यश म्हणजे संपूर्ण प्रणाली बदलण्याचे यश नव्हे, आणि ते पुढचे काम केसेल रनलाही बरीच वर्षे पुरले. मात्र त्यातला एक मुद्दा निर्विवाद आहे. फळ्यासमोर उभा राहणारा अधिकारी आणि कोड लिहिणारा माणूस रोज समोरासमोर होते, त्यामुळे आकडा का असा आहे हे विचारायला पत्रव्यवहार करावा लागत नव्हता.

आपल्याकडे चित्र थोडे निराळे आहे. मुख्य कंत्राट बहुधा भारत इलेक्ट्रॉनिक्ससारख्या सार्वजनिक कंपनीकडे जाते आणि तिच्याखाली लहान खासगी कंपन्या तुकड्या-तुकड्यांनी काम करतात. नवउद्योगांना थेट सामावून घेण्यासाठी २०१८ पासून ‘आयडेक्स’ ही योजनाही आहे. नौदलाची एक जमेची बाजू म्हणजे दिल्लीतील वेसी ही त्याची स्वतःची संस्था, जेथे गणवेशातले अधिकारी आणि तंत्रज्ञ मिळून युद्धनौकांवरील शस्त्रे, संवेदके आणि संगणक यांचा मेळ घालण्याचे काम अनेक दशके करत आले आहेत. कंपनीसमोर बसून ‘हे असे नको, कारण अमुक वेळी असे झाले होते’ म्हणणारा माणूस दलाकडे असणे, ही अशा संस्थेची खरी किंमत असते.

कंत्राटाच्या अटींपैकी सगळ्या येथे सांगण्याची गरज नाही, पण दोन-तीन अटींवर पुढची वीस वर्षे अवलंबून असतात. पहिली सोर्स कोडची, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेल्या मूळ कोडची. तो दलाच्या ताब्यात, दलाच्या संगणकावर, दलाच्या माणसांनी पुन्हा बांधून पाहता येईल अशा स्थितीत मिळाला पाहिजे. निव्वळ डिस्कवर भरून कपाटात ठेवलेला कोड उपयोगाचा नसतो, कारण तो ज्या साधनांनी बांधला जातो ती साधने आणि त्यांच्या नेमक्या आवृत्त्या नसतील तर त्यातून चालणारे सॉफ्टवेअर तयारच होत नाही. दुसरी अट प्रणालींमधल्या जोडणीच्या नियमांची. रडारकडून येणारी नोंद कोणत्या क्रमाने, कोणत्या एककात येते याची संपूर्ण कागदपत्रे दलाच्या मालकीची असली तर उद्या दुसऱ्या कंपनीचे रडार जोडता येते. नसली तर प्रत्येक नव्या रडारसाठी जुन्याच कंपनीच्या दारात उभे राहावे लागते आणि ती सांगेल तो भाव द्यावा लागतो.

तिसरी अट सॉफ्टवेअरच्या आतल्या उसन्या भागांची. आजचे कोणतेही सॉफ्टवेअर शेकडो तयार, मुक्त घटकांवर उभे असते. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या एका छोट्या घटकात गंभीर त्रुटी निघाली, तेव्हा आपल्या प्रणालीत तो आहे की नाही हेच अनेक संस्थांना सांगता येईना. म्हणून घटकांची संपूर्ण यादी कंपनीने देणे आता गरजेचे मानले जाते, आणि सर्ट-इन या आपल्या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेने २०२४ मध्ये अशा यादीबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत.

गोपनीयतेमुळे आणखी एक गुंता होतो. खासगी कंपनीच्या प्रोग्रामरला खऱ्या समुद्राच्या खऱ्या नोंदी दाखवता येत नाहीत, त्यामुळे तो बनावट नोंदींवर काम करतो, आणि बनावट नोंदी नेहमीच खऱ्यापेक्षा स्वच्छ असतात. त्यात अर्धवट तुटलेले संदेश नसतात, नऊऐवजी आठ अंक भरलेला जहाज क्रमांक नसतो, दोन नौकांवर एकच क्रमांक चालत नसतो. यावर उपाय म्हणजे जुन्या प्रणालीत वर्षानुवर्षे साठलेल्या नोंदींमधून गोपनीय तपशील पुसून, पण त्यांतला गलथानपणा जसाच्या तसा ठेवून, चाचणीचा संच दलाने स्वतः तयार करणे. हे काम कंटाळवाणे असते आणि त्यासाठी कोणी निधी मागत नाही.

एक ऑगस्टची चाचणी

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. या काळात नौका बंदरात किंवा वाळूवर शाकारलेल्या असतात आणि समुद्र ठिपक्यांच्या दृष्टीने जवळजवळ मोकळा असतो, फक्त लाटांचा गोंधळ जास्त असतो. बंदी उठली, नारळ वाहिला गेला आणि वारा जरा पडला की पालघरपासून वेंगुर्ल्यापर्यंत नौका काही दिवसांतच एकदम पाण्यात उतरतात. नव्या प्रणालीची स्वीकृती चाचणी जुलैमध्ये झाली तर ती उत्तम उत्तीर्ण होईल आणि ऑगस्टमध्ये कोलमडेल. एकाच पट्ट्यात शेकडो नौका जवळजवळ, सारख्या वेगाने, जाळी ओढत वळणे घेत असतात तेव्हा कोणता ठिपका कोणत्या रेघेचा हे ठरवण्याचा हिशेब कित्येक पटींनी वाढतो, आणि रेघा एकमेकींत अदलाबदल होऊ लागतात. कंत्राटात चाचणीची तारीख लिहिताना मासेमारीचे वेळापत्रक पाहिले पाहिजे, हे किनाऱ्यावरच्या कोणत्याही तांडेलाला सांगावे लागणार नाही.

अशी प्रणाली एका रात्रीत बंद करून नवी सुरू करता येत नाही, कारण समुद्रावरची नजर एक तासही काढता येत नाही. म्हणून अनुभवी लोक तुकड्या-तुकड्यांनी बदल करण्याचा मार्ग सुचवतात. या पद्धतीला मार्टिन फाउलर या संगणकतज्ज्ञाने २००४ मध्ये वडाच्या कुळातल्या झाडावरून नाव दिले. आपल्या देवरायांत हे पाहायला मिळते. पक्ष्याने टाकलेले बी मोठ्या झाडाच्या खांदीवर रुजते, त्याच्या मुळ्या हळूहळू खाली उतरतात, आणि बऱ्याच वर्षांनी आतले मूळ झाड नाहीसे होऊन वडच उभा राहतो. सॉफ्टवेअरमध्ये याचा अर्थ असा की जुन्या प्रणालीच्या समोर एक पातळ थर ठेवायचा, सर्व नोंदी त्यातून जाऊ द्यायच्या, आणि एकेक काम, जसे आधी फक्त नकाशा दाखवणे, मग एआयएस वाचणे, मग ट्रॅक जुळवणे, नव्या कोडकडे वळवायचे. एखादे काम बिघडले तर तेवढेच पुन्हा जुन्याकडे वळवता येते. मोठी कंत्राटी कंपनी या पद्धतीवर फारशी खूष नसते, कारण हप्ते लहान होतात आणि प्रत्येक टप्प्यावर तिला थांबवता येते. सरकारी खरेदीच्या नियमांनाही ‘शेवटी नेमके काय मिळणार’ हे आधीच लिहिलेले हवे असते.

तुकड्यांनी बदलताना काही काळ जुने आणि नवे दोन्ही एकाच वेळी चालवावे लागते. दोन पडद्यांवर दोन चित्रे दिसतात आणि ती कधीच तंतोतंत जुळत नाहीत. अशा वेळी आदेश कोणत्या चित्रावरून निघणार हे आधी ठरवून लेखी ठेवलेले असले पाहिजे, नाहीतर पहाटे तीन वाजता वॉचवर असलेल्या नाविकावर तो निर्णय पडतो. शिवाय प्रत्येक फरकाची नोंद करून कोण बरोबर होते हे शोधावे लागते. अनेकदा नवे बरोबर असते. काही वेळा मात्र जुन्याचा विचित्र वाटणारा नियमच बरोबर निघतो, आणि तेव्हा कळते की तो कोणीतरी एका विशिष्ट अनुभवानंतर घातला होता. त्या वेळी तेथे काम केलेला माणूस सापडला तर दोन आठवड्यांचे काम एका दुपारी होते. रत्नागिरी-रायगडच्या गावांत नौदलातून निवृत्त झालेले अनेक जण आंबा-काजूची कलमे सांभाळत बसलेले आहेत. सल्लागार म्हणून त्यांना बोलावण्याची तरतूद एखाद्या कंत्राटात केली तर ती सगळ्यांत स्वस्त तरतूद ठरेल, असे मला वाटते.

वॉचवरच्या माणसाची आणखी एक बाब कंपन्यांच्या सादरीकरणात सुटते. नवी प्रणाली जास्त हुशार म्हणून जास्त इशारे देते. सुरुवातीच्या काही दिवसांत प्रत्येक इशारा तपासला जातो, पण त्यातले बहुसंख्य खोटे निघाले की ऑपरेटर ते न वाचताच बाजूला सारू लागतो, आणि मग खरा इशाराही त्याच सवयीने बाजूला जातो. म्हणून किती इशारे दिले यापेक्षा किती इशाऱ्यांवर माणसाने खरोखर काही कृती केली, हे मोजून त्यावर कंपनीचे देयक ठरवणे अधिक योग्य आहे.

येत्या काही वर्षांत आपल्या किनाऱ्यावर हे सगळे प्रश्न एकत्र येणार आहेत. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे मासेमारी नौकांसाठी एक लाख ट्रान्सपाँडर बसवण्याच्या योजनेचा आरंभ झाला. सुमारे ३६० कोटी रुपयांची ही योजना १३ किनारी राज्ये व केंद्रशासित प्रदेशांसाठी आहे आणि ट्रान्सपाँडर इस्रोच्या तंत्रज्ञानावर चालतात. त्यांतून उपग्रहामार्फत दोन्ही बाजूंनी संदेश जातात, म्हणजे वादळाची सूचना नौकेला मिळते आणि नौकेची जागा किनाऱ्याला कळते. मात्र ही योजना मत्स्यव्यवसाय खात्याची आहे, त्यामुळे तिच्या नोंदी नौदलाच्या चित्रात कशा, किती वेळात आणि कोणत्या अटींवर येणार हा जोडणीचा स्वतंत्र प्रश्न आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये नौदलाने गुरुग्रामचे जाळे वाढवून राष्ट्रीय पातळीवर नेण्यासाठी भारत इलेक्ट्रॉनिक्सशी करार केला, आणि नव्या केंद्रात सात मंत्रालयांच्या १५ संस्थांचे प्रतिनिधी असणार आहेत. पूर्वी नौदल व तटरक्षक दलापुरते असलेले चित्र आता पंधरा जणांना दिसणार, पण प्रत्येकाला सारखेच दिसून चालणार नाही. सीमाशुल्क खात्याला लागणारा तपशील वेगळा, मत्स्यव्यवसाय खात्याचा वेगळा. कोणत्या नौकेने कोठे जाळे टाकले ही माहिती तर मच्छीमाराच्या दृष्टीने त्याच्या धंद्याचे गुपित असते. ती फुटेल अशी शंका आली तर ट्रान्सपाँडर बंद ठेवला जाईल, आणि मग रडारवर ओळख नसलेले ठिपके पुन्हा वाढतील. म्हणून कोणाला काय दिसावे याचे नियम कंपनीच्या कोडमध्ये पक्के ठोकून न ठेवता, दलाच्या अधिकाऱ्याला कंपनीला न विचारता बदलता येतील असे बाहेर ठेवले पाहिजेत, आणि ही अट करारातच असली पाहिजे, कारण एकदा प्रणाली चालू झाल्यावर असा प्रत्येक बदल देखभालीच्या वेगळ्या देयकात जातो.